निवड कोणाच्या हाती? : निर्वासितांची कथा आणि चित्रकादंबरी

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने केलेल्या गणनेप्रमाणे २०२४ सालच्या अखेरीस युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घरदार सोडावे लागलेल्या माणसांची जगातील संख्या १२ कोटी ३० लाखांच्या आसपास होती. जवळजवळ महाराष्ट्राच्या लोकसंख्येएवढी माणसे परागंदा झालेली आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आपल्याच देशात बेघर आहेत. आकडा एवढा मोठा झाला की तो मनाला लागेनासा होतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तो छापून येतो, वाचला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात भजी बांधली जातात. म्हणूनच निर्वासितांच्या बाजूने बोलू इच्छिणाऱ्यांनी सर्वत्र कथेचा आश्रय घेतला. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत या कथेने एक नवे रूप धारण केले आहे.

हे रूप म्हणजे संगणकाच्या वा मोबाईलच्या पडद्यावर वाचावयाची चित्रकादंबरी. इंग्रजीत तिला ‘इंटरॅक्टिव्ह ग्राफिक नॉव्हेल’ म्हणतात. चित्रे, थोडा मजकूर, ध्वनी, क्वचित हलणारी दृश्ये. आणि मुख्य म्हणजे वाचकाच्या बोटाला दिलेले काम. बोट सरकले तर कथा पुढे सरकते. काही कथांत तर पुढे काय घडावे याचा कौलही वाचकाकडूनच घेतला जातो. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी पक्षाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्याला हे शहरातील हौशी मंडळींचे खेळणे वाटेल. पीकविमा, कापूस-सोयाबीनचा भाव, घरकुलांच्या याद्या यांतून त्याला उसंत नाही. मग या विषयाकडे त्याने का वळावे?

वळावे, याला दोन कारणे आहेत. चिखलीतील तरुणाच्या हातात आज पुस्तक नसले तरी मोबाईल असतो, आणि ‘घुसखोर’ हा शब्द त्याच मोबाईलवरून त्याच्यापर्यंत दिवसातून दहा वेळा पोचतो. द्वेष ज्या वाटेने घरात शिरतो ती वाट मोकळी सोडून सभागृहात व्याख्याने देत बसणे ही कार्यकर्त्याला न परवडणारी चैन आहे. दुसरे कारण असे, की निर्वासितांची एक कथा चिखलीच्या वेशीवरूनच गेलेली आहे. ती पाहणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील.

समुद्रातील होडी

या नव्या प्रकारातील गाजलेली कृती ऑस्ट्रेलियात निर्माण झाली. नाम ले हा लेखक १९७८ साली व्हिएतनाममध्ये जन्मला आणि तान्हे मूल असतानाच आईबापांबरोबर होडीतून ऑस्ट्रेलियाच्या आश्रयाला आला. त्याचा ‘द बोट’ हा कथासंग्रह २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेत माई नावाची सोळा वर्षांची मुलगी आहे. युद्ध संपल्यावर आईबाप तिला एकटीलाच मासेमारीच्या होडीवर चढवून देतात. वादळ होते, यंत्र बंद पडते, पाणी संपते. सोबतच्या एका स्त्रीच्या लहानग्या मुलावर माईचा जीव जडतो आणि ते मूल डोळ्यांदेखत जाते. सायगावच्या पाडावाला ४० वर्षे झाली त्या निमित्ताने, २०१५ साली, ऑस्ट्रेलियातील एसबीएस या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने या कथेची चित्रकादंबरी केली. चित्रे काढली मॅट ह्यून याने. त्याचे आईबापही असेच होडीने आलेले.

काळ्या शाईची, कुंचल्याच्या ओल्या फटकाऱ्यांची ही चित्रे वाचक बोटाने खाली सरकवत जातो. वादळ सुरू झाले की चौकटी डुलू लागतात, अक्षरे कलंडतात, वाऱ्यापावसाचा आवाज कानांत घुमतो. मधूनच जुनी खरी छायाचित्रे समोर येतात आणि ही केवळ कल्पित कथा नाही याची आठवण देतात. मात्र लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. एवढी यांत्रिक साधने हाताशी असूनही कर्त्यांनी वाचकाला एकही निर्णय करू दिलेला नाही. माईला वाचवावे की नाही, मुलाला पाणी द्यावे की नाही, असे कोठे विचारलेले नाही. वाचक फक्त पुढे सरकू शकतो किंवा थांबू शकतो. होडीत बसलेल्या माणसाच्या हातीही याहून अधिक काही नसते. रूपाने आशयाशी राखलेले हे इमान आहे, आणि या कृतीचे खरे मोल त्यात आहे.

सर्वांना एवढा संयम साधत नाही. हा व्यवहार खेळांच्या बाजाराला लागून आहे, आणि त्या बाजाराचा मंत्र ‘निवड’ हा आहे. ग्राहकाला चार पर्याय द्यावेत, त्याला आपणच कथेचे धनी आहोत असे वाटू द्यावे, एक शेवट आवडला नाही तर दुसरा पाहू द्यावा. निर्वासिताच्या कथेला हा मंत्र लावला की तिच्यात खोट शिरते. वाचकाने ‘डावीकडे वळा’ असे सांगितले म्हणून मुलगी बुडाली आणि ‘उजवीकडे’ म्हटले असते तर वाचली असती, असा हिशेब एकदा मांडला की दोष राजसत्तेवरून, तस्करांवरून, दारे बंद करणाऱ्या देशांवरून उतरतो आणि बुडणाऱ्याच्या चुकीच्या वळणावर जाऊन बसतो. गरीब माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो, हे भांडवलशाहीचे जुने तत्त्वज्ञान आहे. ते चित्रांच्या आणि सहानुभूतीच्या वेषात आले म्हणून निराळे होत नाही.

या कोंडीतून वाट काढण्याचे काही प्रामाणिक प्रयत्नही झाले. २०१७ साली फ्रान्समध्ये तयार झालेल्या ‘बरी मी, माय लव्ह’ या कृतीत नूर ही सीरियन स्त्री होम्स शहरातून युरोपकडे निघते आणि तिचा नवरा माज्द मागे राहतो. वाचकाच्या वाट्याला येते ती नवऱ्याची भूमिका. तिचे निरोप मोबाईलवर येतात, त्यांना उत्तरे द्यायची; पण ती ते ऐकेलच असे नाही, आणि कित्येक तास तिचा निरोपच येत नाही. कथेला १९ शेवट आहेत, परंतु त्यांवर वाचकाची सत्ता थोडीच चालते. त्याहून मार्मिक प्रयोग लुकास पोप याने २०१३ साली ‘पेपर्स, प्लीज’ या संगणकावरील खेळात केला. तेथे खेळणारा सीमेवरचा तपासनीस होतो. कागद पाहायचे, शिक्का मारायचा, माणूस आत घ्यायचा किंवा परत लावायचा. दया दाखवून चुकीच्या माणसाला आत सोडले तर दंड बसतो आणि दिवसाच्या अखेरीस स्वतःच्या घरी अन्नाला वा जळणाला पैसे उरत नाहीत. भल्या माणसाकडून व्यवस्था वाईट काम कसे करवून घेते, हे शंभर पानांच्या प्रबंधाने समजत नाही ते येथे अर्ध्या तासात अंगावर येते.

या दोन प्रयोगांतून एक सूत्र हाती लागते. निर्वासिताच्या कथेत निवड असतेच. मात्र ती बहुधा निर्वासिताच्या हाती नसते. ती दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असते. वाचकाला निर्णयाचा अधिकार द्यायचाच असेल, तर त्याला पळणाऱ्याच्या जागी बसवू नये. ज्याच्या दाराशी पळणारा येऊन थांबला आहे त्याच्या जागी बसवावे.

वळिवडे आणि गांधीनगर

हे सूत्र महाराष्ट्राच्या अनुभवावर घासून पाहण्याजोगे आहे. १९३९ साली हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडील भागातून लाखो पोलिश माणसे मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाखस्तानकडे धाडण्यात आली. १९४१ च्या उन्हाळ्यात हिटलरने रशियावरच चाल केली तेव्हा त्यांपैकी काहींची सुटका झाली. कास्पियन समुद्र ओलांडून ती इराणात आणि तेथून जगभर पांगली. जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा मिळाला. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत नांदत होती. त्यांत स्त्रिया आणि मुलेच बहुसंख्य. शाळा, प्रार्थनामंदिर, नाटके, बालवीरांची पथके हे सारे त्या वसाहतीत होते.

ज्या वर्षी वळिवड्याच्या बराकींत ही माणसे विसावली त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती, आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारचे सैनिक रानोमाळ भूमिगत फिरत होते. आसरा देणारा मुलूख स्वतः पारतंत्र्यात आणि अर्धपोटी होता. ‘आधी आपले भागवा, मग परक्यांचे पाहा’ हा युक्तिवाद त्या वेळी जितका सबळ दिसला असता तितका क्वचितच कधी दिसेल. तरीही वसाहतीला दूध, भाजी, कापड पुरवणारे हात भोवतालच्या खेड्यांतलेच होते.

पुढे कथेला विलक्षण वळण मिळाले. फाळणीनंतर पोलिश माणसे निघून गेली आणि त्याच जागी सिंधमधून उखडलेली कुटुंबे आली. आज कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. इकडे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांच्या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. विदर्भातही गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व बंगालमधून आलेल्यांची गावे आहेत, आणि गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. महाराष्ट्राने निर्वासित पाहिलेला नाही, असे म्हणण्याची सोय कोणालाही नाही.

वळिवड्याच्या मुलांनी मोठेपणी आपल्या आठवणी लिहिल्या. ती स्मारके उभारण्यासाठी परत आली, आणि वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाने स्मारक झाले. परंतु या प्रसिद्धीत एक मेख आहे. युरोपीय निर्वासिताला आसरा दिल्याची आठवण सर्वांना गोड लागते, कारण ती आपल्या औदार्याची पावती असते. निर्वासिताची जी कथा केवळ आपले औदार्य सांगते ती राजकीय कामाची नसते. काम होते ते, आपल्या दाराने कधी उघडून आणि कधी बंद राहून काय केले, हे दोन्ही सांगणाऱ्या कथेने.

चिखलीच्या वेशीवर

अशी कथा चिखलीच्या जवळ आहे. जालन्याहून देऊळगाव राजावरून चिखली आणि पुढे खामगावकडे जाणारा रस्ता आज कापसाच्या आणि उसाच्या गाड्यांचा रस्ता आहे. १९४७-४८ मध्ये या रस्त्यावर एक सरहद्द होती. जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. चिखली वऱ्हाडात, म्हणजे स्वतंत्र भारतात. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली संस्थानात स्वातंत्र्याचा लढा चालू होता आणि कासिम रझवीच्या रझाकारांचा हैदोस वाढत होता. मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे जीव मुठीत धरून सरहद्द ओलांडत होती: कोणी नगर-सोलापूरकडे, कोणी खानदेशकडे, कोणी वऱ्हाडात. बैलगाडीत बसतील तेवढी माणसे आणि मावेल तेवढे धान्य, बाकी सर्व मागे.

सप्टेंबर १९४८ मध्ये, १३ ते १७ या पाच दिवसांत, भारतीय फौजांनी संस्थान ताब्यात घेतले. लढ्याचा इतिहास येथे विजयाच्या आनंदात संपतो, आणि त्या आनंदात गैर काही नाही. निजामशाही आणि सरंजामशाही जायलाच हवी होती. परंतु निर्वासितांची कथा तेथे संपत नाही. त्या दिवसांत आणि त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानातील अनेक जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाठवण्यात आले. समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि उस्मानाबाद, नांदेड, बिदर व गुलबर्गा हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळल्याचे नोंदवले. तो अहवाल कित्येक दशके सरकारी कपाटात राहिला. खेड्यांतली अनेक मुसलमान कुटुंबे हैदराबाद शहराकडे निघाली. त्यांत रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेले विणकर होते, कुळे होती, मजूर होते. एका वर्षात एकाच मुलखातून दोन प्रवाह दोन दिशांना वाहिले, आणि प्रत्येक समाजाने आजवर आपलाच प्रवाह लक्षात ठेवला.

चित्रकादंबरीचे सामर्थ्य येथे दिसते. तिचा वाचक चिखलीच्या वेशीवरच्या एका घराच्या दारात उभा केला जावा. रात्री गाडी येऊन थांबते. घरात ज्वारी बेताची आहे. आलेल्यांची जात विचारायची की नाही? विहिरीवर कोणाला येऊ द्यायचे? मुलीच्या अंगावरचे डाग विकत घेणारा सावकार पडत्या भावाने घेतो आहे. त्याच्यावर बोलायचे की गप्प बसायचे? यातला एकेक निर्णय खरा आहे, कारण आसरा देणाऱ्याला तो खरोखरच करावा लागतो, आणि ‘पेपर्स, प्लीज’मधल्याप्रमाणे प्रत्येक भलेपणाची किंमत त्याच्या स्वतःच्या चुलीपाशी वसूल होते. जातीचा प्रश्न तर टाळताच येणार नाही. एकाच गाडीवाटेने आलेल्या पाटलाच्या आणि दलित शेतमजुराच्या कुटुंबाला एकाच ओसरीवर जागा मिळत नाही, हे दाखवल्यावाचून ती कथा खरी होणार नाही.

उत्तरार्धात जागा बदलावी. फौजा जाऊन पोचल्या, रस्ता मोकळा झाला, आणि काल जो निर्वासित होता तो आपल्या गावी परतला. आता त्याच्या दाराशी त्याचाच शेजारी उभा आहे. नाव मुसलमानाचे आहे आणि मागे जमाव आहे. वाचकाने पूर्वार्धात ज्याला आसरा दिला तोच आता वाचकाच्या हाती सोपवला जातो. दार उघडायचे की नाही? एका मोबाईलवर, दहा मिनिटांत, एवढा प्रश्न तरुणाच्या अंतःकरणाला विचारता आला, तर इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाने वर्षभरात साधले नाही ते साधेल.

हा प्रश्न ७७-७८ वर्षांपूर्वीचा म्हणून बाजूला ठेवण्याजोगा नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जाण्यासाठी भुसावळच्या दिशेने रूळांवरून चालत निघाले. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रूळांवरच झोपलेल्या १६ जणांच्या अंगावरून मालगाडी गेली. भाकऱ्या रूळांवर विखुरल्या. कायद्याच्या भाषेत ते निर्वासित नव्हते. आपल्याच देशात कामाला आलेले नागरिक होते. परंतु त्या आठवड्यांत महाराष्ट्रातील प्रत्येक रस्त्यावर, गावोगावच्या वेशीवर काट्या टाकायच्या की पाण्याचा हंडा ठेवायचा, हा निर्णय सामान्य माणसांनी केला. दोन्ही प्रकारची गावे होती.

आपल्या घरची परंपरा

हे तंत्र परदेशी म्हणून आपल्याला परके, असेही मानण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतील एकेक चित्र समोर धरून, वाद्यांच्या साथीने, श्रोत्यांच्या कलाने कथा लांबवीत वा आखडती घेत शतकानुशतके सांगत आले. श्रोत्याने मध्येच प्रश्न करावा आणि कथेकऱ्याने थांबून उत्तर द्यावे, हा प्रकार कीर्तनालाही अपरिचित नाही. आधुनिक काळात ओरिजित सेन याने १९९४ साली नर्मदा खोऱ्यातील विस्थापनावर ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ ही चित्रकादंबरी केली. आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याचे आदिवासी ज्या पाण्यात घरे हरवून बसले त्याच पाण्याची ती कथा. २०११ साली ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी डॉ. आंबेडकरांना नाकारल्या गेलेल्या पाण्याची आणि निवाऱ्याची कथा चितारली. माणसांना चौकटीत कोंडणे त्यांना पसंत पडले नाही. त्यांनी पाने मोकळी ठेवली, आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी काढली. २०१३ साली विश्वज्योती घोष यांनी फाळणीवरील चित्रकथांचा ‘धिस साइड दॅट साइड’ हा संग्रह संपादित केला. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लेखक-चित्रकारांनी त्यात एकत्र काम केले. १९४८ च्या दोन प्रवाहांची कथा याच धर्तीवर, दोन्ही समाजांतील हातांनी मिळून करावी लागेल.

ती चिखलीसाठी करावयाची तर काही गोष्टींचे भान ठेवावे लागेल. ती स्वस्तातल्या मोबाईलवर, थोड्या डेटात उघडली पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती बोलली पाहिजे, आणि तिच्यातली माणसे पुण्याच्या मराठीत बोलता कामा नयेत. एकाच्या तोंडी वऱ्हाडी, दुसऱ्याच्या मराठवाडी, तिसऱ्याच्या दखनी हवी. तिची कागदी आवृत्तीही निघावी, म्हणजे शाळेच्या वाचनालयात आणि एस. टी. स्थानकावरच्या दुकानात ती दिसेल. आणि ती विनामूल्य असावी. ऑस्ट्रेलियात हे काम सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने केले, ही गोष्ट विसरून चालणार नाही. निर्वासिताचे दुःख खाजगी कंपनीच्या जाहिरातींमध्ये गुंडाळून विकले जाऊ लागले, तर पडत्या भावाने डाग घेणारा तो सावकार आणि ही कंपनी यांत फरक उरणार नाही.

कथा कोणाची?

सर्वांत नाजूक प्रश्न मालकीचा आहे. ज्याचे घर गेले, शेत गेले, त्याच्याजवळ उरते ती आठवण. तीही कोणी टिपून घेऊन गेला आणि आपल्या नावावर छापली, तर ती दुसरी लूट होय. म्हणून सांगणाऱ्याची संमती हवी. आणि ती एकदा अंगठा घेऊन मोकळे होण्याची नव्हे. चित्रे तयार झाल्यावर ती त्याला किंवा त्याच्या घरच्यांना दाखवली पाहिजेत. ‘हे काढून टाका’ म्हटले तर काढले पाहिजे. स्त्रियांवरच्या अत्याचारांच्या बाबतीत नाव, गाव, चेहरा झाकण्याचा हक्क त्यांचाच राहिला पाहिजे, आणि अत्याचार चित्रात ‘दाखवण्याचा’ मोह कलावंताने आवरला पाहिजे. उत्पन्न झाले तर त्यात त्यांचा वाटा हवा. येथे ‘द बोट’चा धडा पुन्हा कामास येतो. ज्यांच्या घरात तो प्रवास झाला होता त्यांच्याच मुलांनी ती कथा लिहिली आणि रंगवली.

वेळही थोडा आहे. १९४८ साली जे मूल दहा वर्षांचे होते त्याने आज पंच्याऐंशी ओलांडली आहे. जालना, जाफराबाद, भोकरदन, देऊळगाव राजा, चिखली या पट्ट्यात अशी माणसे अजून ओसरीवर बसलेली सापडतील. आणखी पाच-सात वर्षांनी सापडणार नाहीत.

दोन आक्षेप

चळवळीतूनच दोन आक्षेप येतील. पहिला असा, की चित्रे पाहून डोळे ओले झाले म्हणजे परिवर्तन होत नाही. संघटना लागते, संघर्ष लागतो. आक्षेप खरा आहे, आणि या प्रकाराच्या भोळ्या भक्तांना तो ऐकवलाही पाहिजे. पडद्यावरच्या निर्वासितासाठी रडून झाल्यावर गावाबाहेरच्या पालात राहणाऱ्या भटक्याला हुसकावून लावणारा वाचक काही विरळा नाही. परंतु यावर उपाय कथा टाळण्याचा नाही. कथा एकट्याने पाहून बाजूला ठेवली जाऊ नये, ती दहा जणांनी मिळून पाहावी आणि निर्णयाच्या ठिकाणी थांबून तिच्यावर वाद घालावा, हा उपाय आहे. सेवादलाच्या शाखेत, अभ्यासवर्गात, महाविद्यालयाच्या वसतिगृहात असे वाचन घडवून आणता येईल. ‘दार का उघडले नाही?’ याचे उत्तर दहा जणांसमोर द्यावे लागले की माणूस स्वतःशी खोटे बोलू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जुन्या जखमा उकरून काढल्या तर आजच्या तापलेल्या वातावरणात त्यांतून आगच पसरेल. हा धोका आहे. मात्र त्या जखमा आज झाकलेल्या आहेत, हा समज चुकीचा आहे. रझाकारांच्या अत्याचारांची अर्धी कथा दर सप्टेंबरात मोबाईलवरून फिरते आणि तिचा हिशेब आजच्या मुसलमान शेजाऱ्याच्या नावे मांडला जातो. दुसऱ्या बाजूच्या घरांत उरलेली अर्धी कथा दबक्या आवाजात सांगितली जाते. अर्ध्या कथा आग लावतात. पूर्ण कथा सांगणे, रझाकारांच्या क्रौर्यावर पांघरूण न घालता आणि त्यानंतर झालेल्या सूडाचीही लाज न लपवता सांगणे, हाच त्या आगीवरचा उतारा आहे. त्या दिवसांत शेजाऱ्याला माळ्यावर लपवून ठेवणारी माणसे दोन्ही समाजांत होती; त्यांची नावे अभिमानाने घेण्याचा मार्गही याच पूर्ण कथेतून जातो.

या साऱ्याचा शेवट कायद्याशी येऊन भिडतो. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही देशात नाही. तिबेटींना जमीन मिळते आणि रोहिंग्यांना कोठडी. कोणाला काय मिळावे हे त्या त्या वेळच्या सरकारची मर्जी ठरवते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तर आसऱ्याची कसोटी म्हणून धर्म पुढे आणला आणि तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांचा त्यात समावेश करून मुसलमानांना वगळले. आसऱ्याची कसोटी एकच असू शकते, ती म्हणजे आलेल्या माणसावरील संकट. हे तत्त्व संसदेत मांडले जाईल तेव्हा त्याच्या मागे जनमत उभे असावे लागेल, आणि असे जनमत दिल्लीत तयार होत नाही. ते चिखलीच्या ओसऱ्यांवर तयार होते.

म्हणून चिखली आणि परिसरातील कार्यकर्त्यांनी चित्रकार, तंत्रज्ञ आणि पैसा मिळण्याची वाट पाहत थांबू नये. पहिले काम वहीचे आणि कानाचे आहे. येत्या पावसाळ्यात, पेरण्या आटोपल्यावर, दोघादोघांनी या पट्ट्यातील वृद्धांकडे जावे. हिंदूंकडे जावे, मुसलमानांकडे जावे, दलित वस्तीत आवर्जून जावे. आणि एवढेच विचारावे, की त्या वर्षी तुमच्या दाराशी कोण आले होते आणि तुम्ही कोणाच्या दाराशी गेला होतात. ऐकलेले त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. चित्रे नंतर काढता येतील, यंत्रे नंतर मिळतील. सांगणारी माणसे मात्र नंतर मिळणार नाहीत.